गुरुत्वाकर्षण कंपासपेटीतून शिकवा

पृथ्वीची सूर्याभोवतीची कक्षा काढून दाखवा, असं कुणालाही सांगितलं तर कागदावर हमखास एक लांबट अंडाकृती उमटते. एका टोकाजवळ सूर्य, पार दुसऱ्या टोकाला पृथ्वी. यात काढणाऱ्याचा दोष नाही. पुस्तकात, भिंतीवरच्या तक्त्यावर, माहितीपटात, सगळीकडे त्याने तेच पाहिलेलं असतं.

आता तीच आकृती मापात काढू. एक कोटी किलोमीटरला एक सेंटिमीटर धरलं, तर कंपासमध्ये १५ सेंटिमीटर अंतर घ्यावं लागेल. वर्तुळ काढा. सूर्याचा ठिपका केंद्रावर नको, तिथून अडीच मिलिमीटर बाजूला द्या. या वर्तुळाचं लंबवर्तुळ व्हायला ते एका दिशेने किती दाबावं लागेल? त्रिज्येत दोन शतांश मिलिमीटर. पेन्सिलीला कितीही टोक काढा, रेघ त्याहून जाडच येणार. म्हणजे कागदापुरती पृथ्वीची कक्षा हे वर्तुळच आहे, फक्त सूर्य मध्यावर नाही.

ताणलेल्या अंडाकृतीचं नुकसान डोळ्यांपुरतं राहत नाही. पृथ्वी सूर्याजवळ आली की उन्हाळा आणि लांब गेली की हिवाळा, हा समज चांगल्या शिकलेल्या माणसांतही टिकून आहे, आणि त्या चित्राकडे पाहिलं तर दुसरं काही सुचणारच नाही. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या सुरुवातीला, उत्तर गोलार्धात ऐन थंडी असताना. तेव्हा अंतर असतं १४.७१ कोटी किलोमीटर, आणि जुलैत, सर्वांत लांब असताना, १५.२१ कोटी. हा फरक ज्याने एकदा पट्टीने मोजून पाहिला, त्याला ऋतूंचं कारण अंतरात शोधावंसं वाटणार नाही.

गुरुत्वाकर्षणाचं आपलं शिक्षण दोन टोकांना अडकलंय. एका टोकाला नुसती बघायची चित्रं, दुसऱ्या टोकाला नुसती पाठ करायची सूत्रं. मधली जागा भूमितीची होती. जिच्यावर पट्टी ठेवता येते, जी काढता काढता कारण उलगडतं, अशी आकृती. ती आपण हळूहळू हद्दपार केली. ती परत आणली पाहिजे, आणि जी चित्रं मोजायला उभी राहत नाहीत ती सरळ काढून टाकली पाहिजेत, असं माझं मत आहे.

यावर पहिला आक्षेप मीच घेतो. भूमिती फसवतेही, आणि फार देखणेपणाने फसवते. केप्लर यांनी १५९६ मध्ये सहा ग्रहांच्या कक्षांमध्ये पाच सुसम घनाकृती एकात एक बसवून दाखवल्या होत्या. ग्रह सहाच का, याचं इतकं सुंदर उत्तर आधी कुणी दिलं नव्हतं, आणि ते साफ चूक होतं. ग्रीकांची उपवृत्तं (मोठ्या वर्तुळावर फिरणारी छोटी वर्तुळं) असोत की भारतीय सिद्धांतग्रंथांतली मंद आणि शीघ्र वृत्तं असोत, त्यांवरून ग्रहाची जागा बऱ्यापैकी काढता येत होती, पण ग्रह तसा का फिरतो याबद्दल ती वृत्तं काही बोलत नव्हती. तेव्हा आकृती म्हटलं की मान डोलवावी, असं अजिबात नाही.

पण केप्लर यांना त्या सुंदर चुकीतून बाहेर कशाने काढलं? मोजमापानेच. खगोलनिरीक्षक टायको ब्राहे यांची मंगळाची निरीक्षणं त्यांच्या हाती होती. वर्तुळाकार कक्षा धरून केलेलं गणित एका ठिकाणी आठ कलांनी चुकत होतं. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. चंद्रबिंब आकाशात साधारण ३१ कलांचं दिसतं, त्याचा पाव भाग म्हणा. त्या काळात एवढी चूक सहज पोटात घातली गेली असती. केप्लर यांनी ती घातली नाही. मंगळाची कक्षाही १५ सेंटिमीटर त्रिज्येची काढली, तर सूर्य केंद्रापासून १४ मिलिमीटर सरकतो, पण वर्तुळ दाबावं लागतं ते जेमतेम ०.६५ मिलिमीटर. केप्लर यांच्या हिशेबात हा दबलेपणा एक लाख भागांत ४२९ असा आला. पुढे एकदा त्यांच्या लक्षात आलं की मंगळावरून पाहिलं असता सूर्य आणि कक्षेचं केंद्र यांच्यात पडणारा सर्वांत मोठा कोन ५ अंश १८ कला आहे, आणि त्याच्या सेकंटची, म्हणजे एक भागिले कोसाइनची, किंमत १.००४२९ आहे. तोच ४२९. तिथून वाट लंबवर्तुळापर्यंत गेली, आणि १६०९ मध्ये ते छापून आलं. पाठ्यपुस्तकात या सगळ्याची एक ओळ होते: ‘ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार असते.’ शेजारी ती ताणलेली अंडाकृती. त्या अंडाकृतीकडे पाहून वाटतं, एवढं ढळढळीत दिसत होतं तर माणसाला इतकी वर्षं का लागली!

केप्लर यांच्या दुसऱ्या नियमाची गत याहून वाईट. समान काळात समान क्षेत्रफळ, हे विद्यार्थी घोकतो आणि पुढच्या इयत्तेत ‘कोनीय संवेग अक्षय्य राहतो’ असं एक वाक्य लिहून मोकळा होतो. न्यूटन यांनी १६८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातला पहिलाच सिद्धांत हा आहे, आणि त्याला त्रिकोणाच्या क्षेत्रफळापलीकडे काहीही लागत नाही.

कागदावर सूर्यासाठी ‘स’ हा बिंदू घ्या. ग्रह एका ठोक्यात ‘अ’पासून ‘ब’पर्यंत गेला. कुणी ओढलं नाही तर पुढच्या ठोक्यात तो त्याच रेषेत तितकाच पुढे, ‘क’पाशी जाईल. सअब आणि सबक या त्रिकोणांचे पाये सारखे, शिरोबिंदू एकच, म्हणून क्षेत्रफळं सारखी. आता ग्रह ‘ब’पाशी असताना त्याला सूर्याच्या दिशेने एक हिसका द्या. तो ‘क’पाशी न जाता ‘ख’पाशी पोचेल. हिसका ‘सब’च्या दिशेतला, म्हणून ‘क’पासून ‘ख’पर्यंतचं सरकणं ‘सब’ला समांतर. सबक आणि सबख यांचा पाया ‘सब’ हाच, आणि दोघांचे शिरोबिंदू त्या पायाला समांतर असलेल्या एकाच रेषेवर. क्षेत्रफळ पुन्हा तेच. सिद्धता संपली.

यात हिसक्याची ताकद कुठे आली का? आलीच नाही. म्हणजे ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, याबद्दल समान क्षेत्रफळांचा नियम चकार शब्द बोलत नाही. ओढ सूर्याकडे रोखलेली आहे एवढंच तो सांगतो. ती अंतरानुसार कशीही बदलो, क्षेत्रफळं समानच राहणार. हे सूत्रात मूल्यं घालून कधीच कळत नाही. या आकृतीत ते न कळणं अवघड आहे. वर्षानुवर्षं भौतिकशास्त्र शिकलेल्यांनाही हा मुद्दा नवा वाटताना मी पाहिलंय, आणि मला ते शिकवण्याच्या पद्धतीवरचं सर्वांत कडक भाष्य वाटतं.

चंद्राचंही तसंच. तो ‘पडतोय’ असं नुसतं सांगितलं की ऐकणारा संशयाने बघतो. मोजून दाखवा. चंद्र एका मिनिटात साधारण ६१ किलोमीटर जातो. तेवढं अंतर स्पर्शिकेवर सरळ गेला असता तर तो कक्षेपासून किती बाहेर पडला असता? ६१.३ चा वर्ग करा, कक्षेच्या व्यासाने, म्हणजे ७,६८,८०० किलोमीटरने भागा. येतात ४.९ मीटर. इथे जमिनीवर दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडतो. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून आपल्यापेक्षा ६० पट लांब, आणि तेवढंच पडायला त्याला ६० पट वेळ. पडणं वेळेच्या वर्गाने वाढतं, म्हणजे तिथली ओढ ६० च्या वर्गाइतकी कमी.

आता ज्या आकृतीसाठी मी हा सगळा खटाटोप करतोय तिच्याकडे वळतो. गणितज्ञ विल्यम रोवन हॅमिल्टन यांनी १८४६-४७ मध्ये ती मांडली. १९६४ मध्ये रिचर्ड फाइनमन यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे लंबवर्तुळाची सिद्धता दिली, तीही याच आकृतीवर उभी होती. शालेय अभ्यासक्रमात ती का नाही, हे मला खरोखर समजत नाही.

कक्षेचे तुकडे पाडा, पण समान काळाचे नव्हे, समान कोनाचे. सूर्यापाशी प्रत्येकी दहा अंश, असे ३६. ग्रह लांब असेल तेव्हा तुकडा मोठा, वेळ जास्त. किती जास्त? तुकड्याचं क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतं, आणि दुसऱ्या नियमानुसार क्षेत्रफळ वाढेल तसा वेळ वाढतो. ओढ मात्र अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. दुप्पट अंतरावर ओढ पाव, वेळ चौपट. गुणाकार जिथल्या तिथे. म्हणजे प्रत्येक तुकड्यात ग्रहाच्या वेगात होणारा बदल अगदी सारखा, फक्त त्याची दिशा दरवेळी दहा अंशांनी वळलेली. सारख्या लांबीच्या ३६ रेघा, प्रत्येक आधीच्या रेघेपेक्षा दहा अंश वळवून जोडत गेलं की ३६ बाजूंची सुसम बहुभुजाकृती मिळते. कोन बारीक करत न्या, वर्तुळ मिळतं. ग्रहाच्या वेगाचे सगळे बाण एका बिंदूतून काढले, तर त्यांची टोकं बरोबर एका वर्तुळावर पडतात. तो बिंदू केंद्रावर नसतो, एवढंच. आकाशात लंबवर्तुळ, वेगांच्या कागदावर वर्तुळ.

बुधाचं काढून पाहा. सूर्याच्या जवळ असताना त्याचा वेग सेकंदाला ५९ किलोमीटर, लांब असताना ३९. एका किलोमीटरला एक मिलिमीटर धरून ४९ मिलिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा आणि केंद्रापासून १० मिलिमीटरवर ठिपका द्या. ठिपक्यापासून जवळची कड ३९, लांबची ५९. बुधाच्या वर्षातला कुठलाही वेग हवा असेल तर पट्टी ठेवा आणि वाचा.

एवढ्यावर थांबू नका. वर्तुळ कात्रीने कापून घ्या. कडेवरचा एक बिंदू आत दुमडून बरोबर त्या ठिपक्यावर आणा, घडी दाबा, उलगडा. शेजारचा बिंदू घ्या, पुन्हा तेच. तीसचाळीस घड्या झाल्या की मध्ये एक कोरी जागा उरते, आणि तिची कड लंबवर्तुळ असते. लंबवर्तुळाच्या दोन नाभींपैकी (आतल्या दोन खास बिंदूंपैकी) एक तो ठिपका, दुसरी वर्तुळाचं केंद्र. सूर्य आहे तो केंद्रावर. प्रत्येक घडी ही कक्षेची स्पर्शिका. पाव वळसा फिरवला की तिथला वेगाचा बाण आणि ती एका दिशेला येतात. केंद्रापासून कोऱ्या जागेची कड मोजा. जवळची साडेएकोणीस मिलिमीटर, लांबची साडेएकोणतीस. बुधाचं सूर्यापासूनचं कमीत कमी अंतर ४.६ कोटी किलोमीटर, जास्तीत जास्त ६.९८ कोटी. भागून पाहा, दोन्हीकडे एका मिलिमीटरला साधारण २३.६ लाख किलोमीटर येतात. फक्त दोन वेगांवरून आपण बुधाच्या कक्षेचा आकार कागदात दुमडून काढला. आणि ती कक्षा पुस्तकातल्यासारखी लांबट नाही: आखूड व्यास लांब व्यासापेक्षा दोनच टक्के कमी, पण सूर्य चांगलाच एका बाजूला.

ठिपका वर्तुळाच्या आत असेल तर कक्षा बंद. ठिपका नेमका कडेवर आला तर पॅराबोला, बाहेर गेला तर हायपरबोला. या दोन्ही वाटा उघड्या, आणि पाहुणा परत येत नाही. हॅलेच्या धूमकेतूचा ठिपका कडेच्या अगदी लगत पडतो, कारण सूर्याजवळ त्याचा वेग सेकंदाला ५४ किलोमीटरच्या वर असतो आणि दुसऱ्या टोकाला एक किलोमीटरही नसतो.

भूमिती जुनाट आहे, तिचे दिवस गेले, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. गणितज्ञ लाग्रांज यांनी यांत्रिकीवरच्या १७८८ च्या आपल्या ग्रंथात अभिमानाने सांगितलं की यात एकही आकृती सापडणार नाही, आणि पुढची शंभर वर्षं त्यांच्या मार्गाने गेली ती उगाच नव्हे. १८४६ मध्ये ल व्हेरिए यांनी आकडेमोड करून सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत नेपच्यून सापडला. ते कंपासने झालं नसतं. ग्रह एकमेकांना ओढतात, कक्षा डळमळतात, आणि त्या डळमळीचा हिशेब सूत्रांनीच करायचा असतो. न्यूटन यांच्या मूळ सिद्धताही सगळ्या सोप्या नाहीत. शंकुच्छेदांचे (लंबवर्तुळ, पॅराबोला, हायपरबोला यांचे) जे गुणधर्म त्यांनी गृहीत धरले ते आज फारसे कुणाला येत नाहीत. फाइनमन यांनी नवी वाट काढली ती याच अडचणीमुळे.

पण सूत्रं जिथे थकली तिथे माणसं पुन्हा आकृतीकडेच आली, हेही त्याच इतिहासात आहे. तीन वस्तूंच्या प्रश्नाला नेटकं सूत्र मिळेना, तेव्हा १८९० च्या सुमारास फ्रेंच गणितज्ञ प्वांकारे कक्षांच्या आकारांचाच अभ्यास करू लागले. ग्रहाजवळून जाणाऱ्या यानाला वेग कसा मिळतो, तेही याच वेगांच्या कागदावर एका नजरेत दिसतं. ग्रहाच्या दृष्टीने यानाचा वेग येताना आणि जाताना सारखाच, फक्त दिशा वळलेली, म्हणजे बाणाचं टोक ग्रहाच्या वेगाच्या टोकाभोवती एका वर्तुळावर सरकतं. सूर्याच्या दृष्टीने तोच बाण लांब झालेला असतो. व्हॉयेजर २ हे १९७९ ते १९८९ या दहा वर्षांत गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून यांच्याजवळून गेलं ते अशाच वळणांवर.

आता रबरी चादर. आइन्स्टाइन यांचं नाव निघालं की ताणलेली चादर, मधोमध जड गोळा आणि भोवती घरंगळणारी गोटी हे दृश्य आलंच. लोकविज्ञानातलं हे चित्र मला पुस्तकातल्या अंडाकृतीपेक्षाही घातक वाटतं. गोटी खळग्याकडे का जाते? खालून पृथ्वी ओढते म्हणून. म्हणजे गुरुत्वाकर्षण समजावायला गुरुत्वाकर्षणच वापरलं. शिवाय त्या गोटीचा मार्ग मोजला तर तो केप्लर यांचे नियम पाळत नाही. आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे चादरीत काळ नाही. ग्रहांसारख्या सावकाश चालणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत जवळजवळ सगळी करामत काळाच्या वक्रतेची असते.

पर्याय आहे, आणि तो चादरीपेक्षा स्वस्तही आहे. दहा मीटरवर उभ्या असलेल्या माणसाकडे चेंडू दोन प्रकारे फेका. एकदा उंच झेल, दोन सेकंदांत पोचणारा, तो ४.९ मीटर वर जातो. एकदा जोरात, अर्ध्या सेकंदात पोचणारा. तो ३० सेंटिमीटरच उचलला जातो. दोन कमानींत काही साम्य नाही, मग वाकलेल्या जागेने दोघांना वळवलं असं कसं म्हणायचं? आता काळाचा अक्ष जोडा, एका सेकंदाला तीन लाख किलोमीटर या दराने, कारण प्रकाश तेवढा जातो. पहिली कमान सहा लाख किलोमीटर लांब आणि ४.९ मीटर फुगलेली, दुसरी दीड लाख किलोमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर फुगलेली. लांबीच्या वर्गाला फुगवट्याच्या आठपटीने भागलं की कमानीची त्रिज्या मिळते. दोन्हींची एकच येते, एका प्रकाशवर्षाच्या किंचित खाली. वेगवेगळ्या दिसणाऱ्या त्या दोन फेकी एकाच बाकाच्या निघाल्या, पण काळ धरल्यावरच.

आइन्स्टाइन यांचं १९१५ चं पाऊल यापुढचं. मोकळेपणी पडणाऱ्या चेंडूची रेघच सरळ, आणि पायाखालची जमीन आपल्याला त्या सरळ वाटेवरून सतत बाजूला ढकलते म्हणून आपल्याला ती वाकलेली दिसते. खरी वक्रता ओळखायची ती एका दगडावरून नव्हे, शेजारी शेजारी सोडलेल्या दोन दगडांवरून: समांतर निघालेल्या दोन सरळ वाटा खाली येताना जवळ येतात. भरती-ओहोटीच्या मुळाशी हीच वक्रता. काळ जागोजागी वेगळ्या गतीने चालतो याचा पुरावा तर रोजच्या वापरात आहे. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, आणि ते आधीच हिशेबात धरावं लागतं. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटर जातो.

बुधाची आपण दुमडलेली कक्षाही पूर्ण बंद होत नाही. इतर ग्रहांची ओढ वजा केल्यावरही ती शंभर वर्षांत ४३ विकलांनी (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) फिरते. तेवढ्या काळात बुधाच्या चारशेहून जास्त फेऱ्या होतात, म्हणजे एका फेरीमागे एक दशांश विकला. आइन्स्टाइन यांच्या भूमितीतून हा आकडा आपोआप बाहेर पडला. चादरीवरच्या गोटीतून कुठला आकडा बाहेर पडतो?

शिक्षक म्हणतील, परीक्षेत आकृत्यांना गुण कसे द्यायचे, सूत्रात किंमत घातली की तपासायला सोपं पडतं. ही अडचण खरी आहे, पण न सुटणारी नाही. प्रश्नपत्रिकेवर एक वर्तुळ आणि आत एक ठिपका छापा, प्रमाण द्या, आणि विचारा: या ग्रहाचा जास्तीत जास्त वेग किती, कमीत कमी किती, सूर्यापासूनच्या त्याच्या लांबच्या आणि जवळच्या अंतरांचं गुणोत्तर किती, आणि ठिपका कडेवर सरकवला तर ग्रहाचं काय होईल. मुलाला पट्टी लागेल, तपासणाऱ्यालाही पट्टीच लागेल. मिलिमीटरभर इकडेतिकडे झालं तर गुण कापू नयेत.